पाणी उतरूक नाय

देवबागला माझ्या आजोळच्या घरामागे खाडीत उतरणाऱ्या नऊ पायऱ्या आहेत. जांभ्याच्या, कडा झिजून गोल झालेल्या, प्रत्येक साधारण वीतभर उंचीची. खालच्या तीन कायम शेवाळलेल्या. चौथीच्या उभ्या अंगाला कालवं चिकटलेली. त्यांच्यावर घासून लहानपणी माझा घोटा कापला होता, त्याची खूण अजून आहे. त्या घरात वेळ बघायची तर घड्याळापेक्षा पायऱ्यांकडे जास्त पाहिलं जायचं. "पाणी खय इला?" असं चुलीपासून कोणीतरी विचारायचं आणि मागीलदारी असलेलं माणूस "पाचवेर" म्हणून ओरडून सांगायचं. होडी कधी काढायची, कालवं काढायला कधी उतरायचं, सगळं तेवढ्यावर ठरायचं.

देवबाग ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मालवणच्या दक्षिणेला तारकर्लीच्या पुढे गेलं की जमीन वाळूची एक लांब जीभ होऊन जाते. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी, आणि मधे माडांची पट्टी. पुढच्या खळ्यात बसलं की लाटांचा आवाज, मागच्या पडवीत बसलं की वल्ह्याचा. आम्हा मुलांना पुढचा तो 'दर्या' आणि मागची ती 'खाडी', अशी दोन वेगळी पाणी वाटायची. एक खवळणारं, एक शहाणं. हा समज माझ्या मनातून जायला मला चाळिशी गाठावी लागली.

आजोबांकडे पाण्याचा हिशेब होता. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ मिळते, हा कोकणात घरोघरी माहीत असलेला आडाखा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराला पूर्ण भरती. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. ते बोटांच्या पेरांवर मोजायचे आणि मोजता मोजता मागीलदारी चालायला लागायचे. उधाणाची भरती सातव्या पायरीला, भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती, पाचवीला. पौर्णिमा उलटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उधाण सगळ्यात मोठं, हेही त्यांनी दाखवलेलं. आठवी आणि नववी पायरी मात्र पावसाच्याच पाण्याने भिजायची. मे महिन्यात त्या दोन पायऱ्यांवर आजी कोकमं वाळत घालायची. खाडी तिथवर येणार नाही याची तिला इतकी खात्री होती.

सगळं इतकं चोख बसायचं, की पाणी म्हणजे चंद्राचं घेणं-देणं, दुसरं काही नाही, असंच मी धरून चालले होते.

आमच्याकडे उधाण आणि सुकती यांच्यात साधारण दोन मीटरचा फरक पडतो. तोच चंद्र मुंबईत पाच मीटरच्या आसपास पाणी वरखाली करतो आणि खंभातच्या आखातात, भावनगरला, दहा मीटरच्याही वर. किनाऱ्याजवळचा उथळ समुद्रतळ आपल्या दक्षिणेला अरुंद आहे, मुंबईसमोर तो तीनशे किलोमीटरपर्यंत पसरलाय, आणि पुढे आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं. पाण्याला जागा अपुरी पडली की ते वर चढतं. हे मी पुढे पुण्यात शिकले, आणि आजोबांना सांगायला धावत गेले. ते म्हणाले, "तर मगे भावनगराक पायऱ्यो किती लागतत?" मी हिशेब केला. पन्नास.

आता ती रात्र.

2017 च्या डिसेंबरची 3 तारीख, रविवार, दत्तजयंती. आजोबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी शनिवारीच पुण्याहून पोचले होते. दक्षिणेत ओखी वादळाने कन्याकुमारीजवळ हाहाकार केला होता, ते लक्षद्वीपवरून अरबी समुद्रात शिरलं होतं, एवढं बातम्यांतून कळलेलं. देवगडच्या बंदरात तर केरळ आणि तमिळनाडूच्या साठाहून जास्त बोटी वाहत-वाचत येऊन लागल्या होत्या. साडेनऊशेच्या घरात माणसं. देवगडचं बंदर डोंगराच्या कुशीत आहे, आत शिरलं की समुद्र पाठीमागे राहतो. तिथे लोकांनी त्या परक्या मच्छीमारांना जेवूखाऊ घातल्याच्या गोष्टी गावात चालल्या होत्या.

वादळ स्वतः आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब होतं. वारा नावापुरता. संध्याकाळी दत्तजन्म झाला, पाळणा झाला, सुंठवडा वाटला. आणि आवाज बदलला. एरवी लाट फुटते तेव्हा 'सळ्ळ' असा पसरट आवाज येतो. त्या रात्री आधी बराच वेळ काहीच नाही, मग पायांखालच्या जमिनीतून आल्यासारखा एक धप्प, आणि पुन्हा शांतता. दोन धपक्यांच्या मधे एक अख्खी ओवी म्हणून व्हायची. मामा खळ्यात उभा राहून ऐकत होता. "वारो नाय, मगे लाट खयसून इली?" तो स्वतःशीच म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "ही हयली लाट नाय."

दहा वाजेपर्यंत वाडीतले सगळे पुरुष समुद्राच्या अंगाला गेले. रापणीची होडी, पाती, जाळी, सगळं माडांच्या आत ओढायचं होतं. बायकाही दोरीला हात लावायला गेल्या. त्या रात्री प्रत्येकाची नजर पश्चिमेला होती. घरात मामी, मी आणि अंथरुणाला खिळलेली आजी. तिनेच विचारलं, सवयीने, "पाणी खय इला गो?"

मी बॅटरी घेऊन मागीलदारी गेले. सातवी पायरी दिसत नव्हती. आठवीच्या कडेवर पाणी येऊन थांबलं होतं, तेलासारखं गुळगुळीत, एकही लाट नाही. मी बघत उभी राहिले. पाणी हळूच चढलं, नववीच्या पायथ्याला लागलं, तिथे क्षणभर राहिलं आणि तसंच आवाज न करता आठवीच्या खाली उतरलं. सातवीची ओली कड उघडी पडली. मग पुन्हा वर. एका फेऱ्याला दोन-अडीच मिनिटं लागत असावीत. खुंटाला बांधलेली मामाची छोटी होडी त्या ठार शांत पाण्यात एकदा पुढे ओढ घ्यायची, एकदा मागे, आणि दर खेपेला दोर कुरकुरायचा. चंद्र ढगांतून मधूनच येत होता. खवळलेला समुद्र मी पुष्कळदा पाहिलाय, पण त्या मुकाट्याने चढणाऱ्या पाण्याइतकी भीती मला कशाची वाटली नाही.

सव्वाअकरा झाले. तिथीप्रमाणे आता पाणी फिरायला हवं होतं. बारा झाले. साडेबाराला ते नववी ओलांडून परसात आलं. मामा भिजून परतला, गुडघाभर... नाही, खोटं कशाला लिहू, घोट्याभर पाण्यात तो बावीच्या कठड्याजवळ उभा होता आणि तेव्हा मला म्हणाला, "भरती सरली बाय, पण पाणी उतरूक नाय." त्याच्या आवाजात भीतीपेक्षा नवल जास्त होतं. ज्या हिशेबावर त्याच्या बापाने आयुष्य काढलं, तो हिशेब त्या रात्री पहिल्यांदा चुकत होता.

आमच्या बावीचं पाणी पुढच्या गणपतीपर्यंत मचूळ राहिलं. वाळूच्या पट्टीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, पावसाने साठलेली एक साय. आजोबा कधी कधी बावीच्या आतल्या चिऱ्यावर कोळशाची रेघ मारून दाखवायचे, की भरतीबरोबर बावीतलं पाणीही थोडं मागाहून चढतं. म्हणजे तिसरं पाणीही वेगळं नव्हतंच. खारं पाणी वरून शिरलं तेव्हा आम्ही घाईने पंप लावून बाव उपसली, आणि उरलीसुरली सायही काढून टाकली. खालून आणखी खारं आलं. जुन्या माणसाला विचारलं असतं तर त्याने थांबवलं असतं.

त्यानंतर मी वाचायला लागले. माझं शिक्षण पाण्याचं नाही, मी हिशेब तपासणारी बाई आहे. पण ज्या खात्याची बेरीज जुळत नाही ते मला सोडवत नाही.

चुकलेली रक्कम सापडली ती अशी. लांबून येणारी लाट खोल समुद्रात पाणी घेऊन येत नाही, नुसती हालचाल घेऊन येते. तरंगणारा नारळ जागच्या जागी वरखाली होतो. किनाऱ्याला येऊन ती फुटते तेव्हा मात्र पाणी खरोखर पुढे ढकललं जातं. एक लाट ढकलते, ते परतायच्या आत दुसरी येते. अशाने फुटणाऱ्या लाटांच्या मागे किनाऱ्यालगतची पातळीच उचललेली राहते, आणि तीन मीटरच्या लाटा फुटत असतील तर ही उचल सहज दोन विती भरते. आमच्या दोन कोरड्या पायऱ्या म्हणजे बरोबर दोन विती. शिवाय लाटा कधी एकसारख्या येत नाहीत. पाच-सात मोठ्या, मग काही लहान, असे त्यांचे घोळके असतात. रापणीवाले होडी घालताना मोठ्या लाटांचा घोळका जाऊ देतात आणि लाट मेली की ढकलतात, ते ह्याच ज्ञानावर. प्रत्येक घोळक्याबरोबर ती उचललेली पातळीही फुगते आणि बसते, मिनिटा-दोन मिनिटांच्या चालीने. फुटणारी लाट खाडीच्या मुखाशी संपते. ही संथ फूग संपत नाही, ती आत शिरते. मी पायऱ्यांवर उभी राहून जे चढता-उतरताना पाहत होते, ते समोरच्या दर्यातल्या लाटांचे घोळके मोजणं होतं. मागच्या दाराने.

त्यात खाडीची, उपसागराची स्वतःची एक लय असते. परातीत पाणी घेऊन चाललं की ते आपल्याच चालीने हेलकावतं, आपलं पाऊल त्याच्या चालीशी जुळलं की काठावरून सांडतं. किती लांब, किती खोल, मुख किती उघडं, यावर प्रत्येक खाडीची चाल ठरलेली. जपानात नागासाकीच्या उपसागरात 31 मार्च 1979 रोजी पाणी पावणेतीन मीटरहून जास्त वरखाली झालं, आणि ना भूकंप, ना जवळ वादळ. समुद्रावरून सरकत गेलेली हवेच्या दाबातली एक लहानशी उडी तेवढी होती. तिची चाल त्या पाण्याच्या चालीशी जुळली. तिथे लोकांकडे या प्रकाराला शब्द आहे, 'आबिकी'. आपल्याकडे इतक्या खाड्या, जयगड, दाभोळ, विजयदुर्ग, प्रत्येकीची चाल वेगळी असणार. ती त्या त्या गावच्या म्हाताऱ्या माणसांना अंगाने ठाऊक असते. लिहून ठेवलेली मी कुठे पाहिली नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

ओखी त्यामानाने जवळचं होतं. खरा धक्का मला पुढे एका मे महिन्यात बसला. आकाश निळंशार, पर्यटकांची गर्दी, हवामानाच्या नकाशावर अख्खा अरबी समुद्र रिकामा. आणि तरी पुन्हा तोच आवाज. लांब गप्प, मग धप्प. यावेळी मी मोबाईलचं घड्याळ लावून वाळूत बसले. दहा लाटांना दोन मिनिटं पन्नास सेकंद. एकेक लाट सतरा सेकंदांची. आमच्या वाऱ्याने उठणारी लाट पाच-सहा सेकंदांत येते. हिवाळ्यात इराणच्या आखाताकडचे शमाल वारे सुटतात, त्यांच्या लाटा वायव्येकडून रत्नागिरी-गोव्यापर्यंत पोचतात, त्याही इतक्या लांब पल्ल्याच्या नसतात. सतरा सेकंदांच्या लाटेची लांबी खोल समुद्रात साडेचारशे मीटर भरते आणि तिचा घोळका ताशी पन्नासच्या जरा आत किलोमीटर चालतो. मी वहीत उलटा हिशेब मांडला. साडेसहा हजार किलोमीटर, पाच-सहा दिवस. बोट नकाशावर खाली खाली नेलं. लक्षद्वीप, मालदीव, विषुववृत्त, मॉरिशसच्याही खाली, अंटार्क्टिकाभोवती कायम घोंघावणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्यात. मागच्या आठवड्यात तिथे वादळ होऊन गेलं होतं. ते तिथेच विरलं. त्याची लाट देवबागला पोचली.

मी वहीवरून डोकं वर केलं तर समोर तीन पोरं गुडघाभर पाण्यात फोटो काढत होती. मी ओरडत गेले. ती हसली, आकाशाकडे बोट दाखवून म्हणाली, "अहो काकू, काही नाही आज." त्यांना मी हाताला धरून बाहेर काढलं, हे लिहिताना मला जराही संकोच वाटत नाही.

वॉल्टर मंक नावाचे अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ होते, 2019 साली वयाच्या एकशे एकाव्या वर्षी गेले. 1950 च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळच्या ग्वादालूपे बेटावर लाटा मोजल्या आणि त्यातल्या काही हिंदी महासागरातल्या वादळांतून निघालेल्या ठरल्या. युक्ती साधी आहे. लांब लाट वेगाने चालते, आखूड लाट मागे राहते. पहिल्या दिवशी वीस सेकंदांच्या लाटा आल्या आणि मग सेकंद कमी होत गेले, तर ते किती भराभर कमी होतात यावरून उगम किती लांब ते कळतं. लांबवरच्या कार्यातून परतणाऱ्या वऱ्हाडात जीपवाले आधी पोचतात आणि बैलगाडीवाले उशिरा. दोघांच्या मधे किती वेळ गेला त्यावरून कार्य किती कोसांवर होतं ते सांगता यावं, तसं.

2007 च्या मे महिन्यात अशाच दक्षिणेकडच्या लाटांनी आधी रेयुनियन बेटाचा किनारा झोडपला आणि काही दिवसांत मालदीवच्या बेटांवर पाणी शिरलं. केरळात मच्छीमारांकडे याला पूर्वीपासून नाव आहे, 'कल्लक्कडल'. चोर समुद्र. पाऊलही न वाजवता येणारा. 2012 साली युनेस्कोने तो शब्द शास्त्रीय वापरासाठी स्वीकारला, आणि मला हेवा वाटला. आमच्याकडे उधाण आहे, भांग आहे, सुकती आहे. चंद्राच्या पाण्यासाठी शब्दांची रास आहे. या पाण्याला आमच्या घरात एक शब्द नव्हता. मामाने त्या रात्री वाक्य केलं, "पाणी उतरूक नाय," तेच आता आमच्याकडे नाव झालंय. 2019 च्या धनत्रयोदशीला क्यार वादळाच्या वेळी पाणी पुन्हा आठवी चढलं, तेव्हा मामीने फोनवर एवढंच सांगितलं, "उतरूक नाय हा," आणि मला कळलं.

हैदराबादला भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे, 'इन्कॉईस'. अशा लाटा कधी पोचतील, किती उंच, किती सेकंदांच्या, याचे इशारे तिथून निघतात. हे काम मला फार मोलाचं वाटतं. दक्षिणेत वादळ होतं आणि पाच-सहा दिवस हातात मिळतात; चक्रीवादळातसुद्धा इतका अवधी पुष्कळदा मिळत नाही. पण इशारा येतो मीटरमध्ये आणि सेकंदांत, आणि खुल्या समुद्रासाठी. मामाचा प्रश्न असतो, पायरी कितवी? दोन मीटरच्या, सतरा सेकंदांच्या लाटा भांगाच्या दिवशी आल्या तर आमच्या पायऱ्यांवर पाणी सातवीच्या पुढे जात नाही. त्याच लाटा उधाणाला आल्या तर परसात. मालवणच्या उपसागरात सिंधुदुर्ग किल्ल्याचं बेट आणि भोवतालचे खडक लाटा अंगावर घेतात. चार कोसांवर आम्हाला आडोसा नाही. एकच इशारा प्रत्येक धक्क्यावर वेगळा पोचतो.

गावाच्या समुद्राच्या अंगाला दगडी धूपप्रतिबंधक बंधारा आहे. त्याची गरज मी नाकारत नाही. पण फुटणारी लाट दगड अडवतो, पातळी नाही अडवत. पातळी वळसा घालून मुखातून शिरते. सगळं बळ पुढच्या दाराला लावून मागचं उघडं टाकायचं, हे त्या रात्री आम्ही सगळ्यांनी केलं, म्हणून तळमळून लिहितेय. आणि ज्या पातळीवर हे सगळं येऊन बसतं ती पातळीही जागेवर नाही. मुंबईत अपोलो बंदरला 1878 पासून पाण्याची उंची मोजली जातेय, हिंदी महासागरातल्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी एक. ती रेघ मिलिमीटरच्या अंशांनी का होईना, वर जाते आहे. आजीची कोकमं वाळायची ती पायरी आता मोठ्या उधाणाला ओलसर असते. मी हात लावून पाहते.

गेल्या वर्षी मी आणि मामाच्या मुलाने ऑइलपेंटने पायऱ्यांवर आकडे घातले, एक ते नऊ, आणि वर भिंतीवर ओखीची रेघ. खाली एक वही टांगली आहे. तारीख, तिथी, कितवी पायरी, दहा लाटांना किती सेकंद. मामी लिहिते, कारण मागीलदारी ती जास्त असते. पहिल्या महिन्यात तिने फक्त पायरी लिहिली, लाटा मोजायला वेळ कुठे. मग एक दिवस सेकंदांचा रकाना भरायला लागला. तांदूळ निवडताना मोजते म्हणाली, घड्याळ लागत नाही. एका धपक्यापासून दुसऱ्यापर्यंत किती दाणे.

परवा एकादशीला रात्री मामाचा फोन आला. हैदराबादचा इशारा त्याच्या मोबाईलवर आला होता, आणि मी काही बोलायच्या आत त्याने विचारलं, "किती सेकंद सांगतत?" मी वाचून दाखवलं. अठरा. पोचणार पौर्णिमेच्या सुमाराला. पलीकडे तो पुटपुटत राहिला, तिथी, पाऊणपट, पायरी. मग मला फोनवर तसंच ठेवून त्याने आत हाक मारली, "गो, बावीर झाकण घाल. आणि खुंटाक दुसरो दोर."